बदलापूर ते मस्जिद बंदर, खिडकीतून नेमकं काय बघायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: रोज बदलापूरहून मस्जिद बंदरला जाता, मोबाईल बघून बघून डोळे दुखायला लागले म्हणून महिनाभर खिडकीबाहेर बघायचा प्रयत्न केला, पण झोपड्या, नाले आणि कंपाऊंडच्या भिंती सोडून काही दिसलं नाही, आणि तरी तुम्हाला जुन्या इमारती आणि आजूबाजूचा परिसर समजून घ्यायचाय, तर सुरुवात कुठून करायची.

मी जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम करणारी आर्किटेक्ट. त्यात चोवीस वर्षं अंबरनाथ ते सीएसएमटी लेडीज सेकंड क्लासने प्रवास केलाय, त्यामुळे या प्रश्नावर मला खूप बोलायचंय, उत्तर लांबणार आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट. तुम्ही म्हणता रोज तेच तेच दिसतं. अहो, तेच तर तुमचं भांडवल आहे! आम्ही सर्व्हेला जातो तेव्हा एखादी जागा दोनदा, फार तर चारदा बघतो. तुम्ही तीच जागा, त्याच वेळेला, वर्षातून अडीचशे-तीनशे वेळा बघता, उन्हात, पावसात, धुक्यात, भरतीला, ओहोटीला. एवढी निरीक्षणं कुठल्याच तज्ज्ञाकडे नसतात. फक्त एका वेळी सगळं बघायला जायचं नाही, तिथेच माणूस कंटाळतो. एक आठवडा एकच गोष्ट घ्यायची. या आठवड्यात फक्त छपरं, पुढच्या आठवड्यात फक्त पूल, मग फक्त पाणी. छपरांच्या आठवड्यात बाकी काही दिसलं तरी सोडून द्यायचं.

दुसरं म्हणजे सीट. विंडो मिळाली की सगळ्यांना वाऱ्याची हवी असते, गाडी जाते त्या दिशेला तोंड करून. मी उलटी घेते. वाऱ्याच्या सीटवर गोष्ट अंगावर येते आणि सर्रकन निघून जाते, उलट्या सीटवर ती मागे मागे जाताना बराच वेळ नजरेत राहते, त्यामुळे एक खिडकी, एक खांब नीट बघून होतो. आणि त्या सीटसाठी भांडणही कमी. जवळचं धूसर होतं म्हणून नजर तीस-चाळीस मीटर लांब ठेवायची, रुळालगतचं काही बघायचं असेल तर गाडी स्टेशनात शिरताना नाहीतर सिग्नलला थांबल्यावर. दरवाज्यात लटकून फोटो अजिबात काढायचे नाहीत, त्यातून काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. छोटी वही ठेवा, गाडी हलते तशी रेघ हलते, हलू दे.

आता तुमचा रस्ता. बदलापूरहून निघालात की डावीकडे बघा. चंदेरीचा सुळका, मागे माथेरानची रांग, थोडं पुढे अंबरनाथच्या आसपास मलंगगड. हे डोंगर म्हणजे लाव्हाचे थर आहेत, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक ओतले गेलेले. पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले की हे थर सगळ्यात स्पष्ट दिसतात, कारण दोन थरांच्या मधल्या सपाट पट्टीवर माती टिकते, तिथे हिरवं होतं, आणि उभा कडा काळाच राहतो. काळी पट्टी, हिरवी पट्टी, परत काळी. एखाद्या इमारतीचे मजले मोजावेत तसे थर मोजता येतात. मी विद्यार्थ्यांना सेक्शन म्हणजे काय ते शिकवताना हेच दाखवते. सेक्शन म्हणजे वस्तू मधोमध कापली तर आत काय दिसेल त्याचं ड्रॉइंग. केक कापल्यावर थर दिसतात ना, तसं. आणि माझ्या मते लोकलची लाईन हा अख्ख्या शहराचा सेक्शन आहे. रस्त्यावरून आपल्याला इमारतींचे चेहरे दिसतात, बोर्ड लावलेले, रंग दिलेले. रेल्वे मागून जाते. मागच्या बाजूला मोऱ्या, पाइप, स्वयंपाकघराच्या खिडक्या, वाढवलेली ग्रिल्स, वाळत घातलेले कपडे, म्हणजे इमारत खरी कशी वापरली जाते ते दिसतं. म्हणून 'नुसत्या भिंती दिसतात' म्हणून वाईट वाटून घेऊ नका, आर्किटेक्टला मागची भिंत पुढच्या भिंतीपेक्षा जास्त सांगते.

तुमची ही लाईन १८५६ ची बरं का. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, १८५४ मध्ये लाईन कल्याणला पोचली आणि १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंत, बदलापूर त्यातच आलं. त्या काळात सगळ्यात हाताशी असलेला मजबूत दगड म्हणजे याच डोंगरांचा काळा दगड. बदलापूर-कल्याण पट्ट्यात छोट्या ओढ्यांवरच्या मोऱ्या आणि पुलांच्या कडेच्या भिंती बघा, जिथे जुनं काम शिल्लक आहे तिथे घडीव काळे दगड एकावर एक रांगेत दिसतील आणि त्याला चिकटून नंतरच्या लाईनसाठी ओतलेलं करडं काँक्रीट. लाईन कधी वाढवली ते त्या सांध्यावरून कळतं. कागद लागत नाही.

उल्हासनगरला फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना लष्करी छावण्यांच्या बराकींमध्ये ठेवलं होतं, १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. खाली कारखाना आणि वर घर अशी जी दाटी दिसते तिची सुरुवात तिथे आहे. ठाकुर्लीला रेल्वे कॉलनीतली झाडं आणि जे काही कौलारू उरलंय ते बघून घ्या. तिथे रेल्वेचं स्वतःचं वीजघर होतं, चोळा पॉवर हाऊस, जुने लोक अजून त्याच नावाने बोलतात. १९२५ मध्ये मुंबईत विजेची पहिली गाडी आली आणि मग घाटापर्यंत वीज न्यायची म्हणून ते उभं राहिलं.

डोंबिवली, कोपर झालं की जागं व्हायचं, झोप लागली असेल तर उठायचं. आता उजवी बाजू. दिवा ते कळवा हा माझ्या मते अख्ख्या सेंट्रलवरचा सगळ्यात श्रीमंत तुकडा आहे आणि बरोबर इथेच बायका केस विंचरायला नाहीतर पेंगायला घेतात. उजवीकडे खाडी आणि तिवरं, डावीकडे पारसिकचा डोंगर, मधल्या चिंचोळ्या पट्टीत रेल्वे, रस्ता आणि मुंब्रा. १८५४ ची मूळ लाईन डोंगराला वळसा घालून खाडीच्या काठाने नेली होती. ते वळण टाळायला नंतर डोंगर पोखरला, पारसिकचा बोगदा, १.३ किलोमीटर, १९१६ मध्ये सुरू झाला. आपल्या पिढीला फास्ट म्हणजे बोगदा आणि स्लो म्हणजे मुंब्रा असंच पाठ होतं, बोगद्यात शिरलं की डब्यातल्या गप्पा बंद व्हायच्या कारण आवाजात काही ऐकूच यायचं नाही. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन झाली, फास्ट लोकल बाहेरून यायला लागल्या आणि बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला. मला बोगद्याची आठवण येते, पण तुमचा फायदा झालाय, आता फास्टमधूनही खाडी दिसते. डावीकडे जिथे डोंगर कापलाय तिथे दगड उघडा पडलाय, बदलापूरला लांबून दिसलेले थर इथे जवळून बघायला मिळतात.

इथे एक गोष्ट करून बघाच, मी ती तीन महिने नोंदवली होती. कळव्याच्या पुलावरून जाताना खाडीतल्या खांबांकडे बघा, शेजारच्या पुलांचे दिसतात. खांबावर एक रेघ असते, खालचा भाग काळपट ओला, वरचा कोरडा. तुमची गाडी रोज त्याच वेळेला पुलावर येते, पण भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. म्हणजे या सोमवारी पाणी काठोकाठ दिसलं तर पुढच्या सोमवारपर्यंत ते खाली गेलेलं असतं आणि चिखल उघडा पडलेला असतो, आणि पंधरवड्याने परत साधारण तेच चित्र. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाण्याची रेघ सगळ्यात वर. पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी शेजारच्या बाईंना हाताला धरून दाखवलं होतं, त्या कोळीवाड्यातल्या निघाल्या आणि म्हणाल्या यात काय, आम्हाला तिथीवरून कळतं. त्यानंतर मी कालनिर्णय बघून अंदाज बांधायचा आणि पुलावर तो तपासायचा असा नाद लावून घेतला. तिवरांचंही तसंच, ओहोटीला त्यांच्या बुडाशी चिखलातून बोटांसारख्या वर आलेल्या मुळ्या दिसतात, श्वास घेणाऱ्या, भरतीला त्या पूर्ण बुडतात. एकच झाड आठवड्यात दोन वेगळी रूपं दाखवतं.

ठाण्यानंतर मुलुंड, भांडुप, विक्रोळी. उजवीकडे इमारतींच्या फटींमधून नॅशनल पार्कच्या डोंगराची कड, डावीकडे पलीकडे मिठागरं आणि ठाणे खाडी, जिला २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली. पण खरं सांगायचं तर आता टॉवर आणि हायवेमुळे गाडीतून खाडी फारशी दिसत नाही, मोकळं आकाश कुठे जास्त आहे तेवढ्यावरून समजायचं की तिकडे पाणी आहे.

घाटकोपरला येऊ तिथे थोडं थांबते, कारण तुमच्या प्रश्नात झोपड्यांचा उल्लेख आहे. डोंगरउतारावर चढत गेलेली ती घरं नीट बघा. वरच्या खोलीला जाणारी लोखंडी शिडी जवळजवळ नेहमी बाहेरून असते. का? आत दहा बाय बारामध्ये जिना बसवला तर एक चतुर्थांश खोली त्यातच जाते, आणि बाहेरून शिडी असली की वरची खोली वेगळी भाड्याने देता येते. पत्र्याचा उतार कुठे आहे बघा, पाणी शेजाऱ्याच्या दारात पडू नये म्हणून गल्लीकडे वळवलेला असतो. खिडकीच्या वर चार इंच पत्रा पुढे काढलेला असतो, पावसाची झड आत येऊ नये म्हणून. हे कुठल्या आर्किटेक्टने काढलेलं नाही, तिथल्या मिस्त्रीने आणि घरच्या बाईने मिळून ठरवलंय, आणि ते बरोबर आहे. आमच्या कितीतरी टॉवरच्या खिडक्यांना ते चार इंच नसतात, मग दर जुलैमध्ये भिंतींना ओल येते आणि लोक मला फोन करतात. घरं बघा, बांधकाम बघा, फक्त उघड्या दारातून आतल्या माणसांकडे टक लावून बघू नका आणि फोटो तर नकोच. आपण त्यांच्या मागच्या अंगणातून जात असतो.

कुर्ला ते शीव तुम्हाला दर पावसाळ्यात माहितीच आहे, गाड्या इथेच अडकतात. शीव म्हणजे हद्द, मुंबई बेट इथे संपायचं. त्यापुढे खाजण होतं, खारी दलदल, आणि मिठी नदी तिथूनच माहीमच्या खाडीकडे जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीच्या काठचा हा सगळा भाग पाण्याखाली गेला. इथे रूळ का बुडतात ते समजायला इंजिनिअर व्हायला लागत नाही, आजूबाजूचे रस्ते आणि नाले रुळांच्या किती वर-खाली आहेत ते एकदा बघून घ्या. शीव स्टेशनला डावीकडे झाडांमध्ये टेकडी दिसते, तिच्यावर किल्ला आहे, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान इंग्रजांनी बेटाच्या टोकावर पहारा म्हणून बांधलेला. पलीकडे उत्तरेचं साष्टी बेट, तेव्हा पोर्तुगीजांकडे. गाडीतून किल्ला नीट दिसत नाही, टेकडी दिसते, आणि आजूबाजूला सगळं सपाट असताना ही एकच उंच जागा का राखली ते लगेच पटतं.

माटुंगा-दादरला १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेला भाग आहे, हवा खेळावी म्हणून मोकळे रस्ते आणि तीन मजल्यांची घरं, त्यासाठी एक दिवस उतरून चालायला हवं. खिडकीतून फक्त उजवीकडे माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपची लांबच लांब छपरं बघा, कारण त्यापुढे छपरांचाच विषय आहे.

परळ, करी रोड, चिंचपोकळी. गिरणगाव. इथे अजून कुठे कुठे गिरणीचं करवतीसारखं छप्पर दिसतं, एक बाजू तिरकी आणि एक बाजू जवळजवळ उभी, दात एकामागे एक. उभ्या बाजूला काच असते आणि ती काच उत्तरेला तोंड करून असते. सूर्य आपल्याकडे बहुतेक वर्ष दक्षिणेकडून कलतो, त्यामुळे उत्तरेच्या काचेतून थेट ऊन येत नाही, दिवसभर सारखा, सावली न पाडणारा उजेड येतो, आणि मागावर तुटलेला धागा शोधायला तोच लागतो. म्हणजे छप्पर बघून तुम्हाला दिशा सांगता येते, काच तिकडे उत्तर. मी पहिल्यांदा एका बंद गिरणीच्या आत सर्व्हेला उभी राहिले तेव्हा वीज नव्हती, दुपारचे चार वाजलेले, पण त्या धुळीत मला वहीवर पेन्सिलची रेघ स्पष्ट दिसत होती. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाने केवढा विचार केला होता! १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातून बऱ्याच गिरण्या परत पूर्वीसारख्या सुरू झाल्याच नाहीत. आज टॉवरच्या मध्ये गिरणीची एखादी एकटी धुराची चिमणी दिसते. तिचा घेर वर निमुळता होत जातो ते बघा, विटांच्या कडा बघा, आणि ती दिसली की समजा तिच्या पायथ्याशी एक अख्खी वस्ती होती, खानावळी, भजनी मंडळं, गणपती, चाळी.

चाळींची मागची बाजू भायखळ्यानंतर सँडहर्स्ट रोडपर्यंत दिसते. लाकडी कठड्याची कॉमन गॅलरी, तिला खालून आधार देणारे ब्रॅकेट, मजल्याच्या तुळयांची टोकं भिंतीतून बाहेर आलेली. एखादा मजला जरासा खाली झुकलेला वाटला तर तुळईच्या टोकाला बघा, बहुतेक वेळा तिथूनच पाणी लागलेलं असतं, लाकूड भिंतीत कुजतं आणि बाहेरून रंग चांगला दिसतो. त्याच्या आधी भायखळा स्टेशन, देशातल्या सगळ्यात जुन्या स्टेशनांपैकी एक, त्याची नीट दुरुस्ती झाली आणि २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला. गाडी थांबते तेवढ्यात प्लॅटफॉर्मवरची दगडी भिंत बघा, मग पुढच्या कुठल्याही स्टेशनची टाइल लावलेली भिंत बघा, फरक मी सांगायची गरज नाही. सँडहर्स्ट रोडला तर हार्बर लाईन डोक्यावरून जाते आणि आपण खालून, रिव्हेट मारलेल्या लोखंडाच्या जाड तुळया इथे अगदी जवळून दिसतात. आणि हो, कुठल्याही जुन्या स्टेशनात छपराचे खांब, कुंपणाचे खांब निरखून बघा, त्यातले कितीतरी चक्क जुने रूळ आहेत, उभे करून रोवलेले. वर डोकं, मध्ये बारीक, खाली पसरट पाय, एकदा आकार ओळखलात की सगळीकडे दिसायला लागतील.

वहीचं मी इतकं का सांगते त्याचं कारण इथेच आहे. सँडहर्स्ट रोड आणि भायखळ्याच्या मध्ये हँकॉक पूल होता. डिसेंबर २०१५ मध्ये गाडी सिग्नलला थांबली असताना मी त्याच्या कडेच्या दगडी भिंतीचं आणि एका गर्डरचं पाच मिनिटांत स्केच केलं, बाकी काही काम नव्हतं म्हणून. जानेवारी २०१६ मध्ये पूल पाडला. तुमच्या मस्जिद स्टेशनच्या पुढे कर्नाक पूल होता, दीडशे वर्षं जुना, तो नोव्हेंबर २०२२ मध्ये गेला, आणि त्याचं माझ्याकडे एकही चित्र नाही, रोज त्याच्याखालून जात होते तरी. गाड्या उंच झाल्या, वरच्या वायरींना जागा हवी, पूल धोकादायक झाले, पाडणं गरजेचं होतं हे मला मान्य आहे, तरी वाईट वाटतंच. म्हणून तारीख घालून काढा. वाकडंतिकडं चालेल.

शेवटचं, तुम्ही मस्जिदला उतरता. एखाद्या शनिवारी उतरू नका, एक स्टेशन पुढे या. सीएसएमटी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेली इमारत, काम १८७८ ला सुरू झालं, दहा वर्षं चाललं, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. लोक धावत बाहेर पडतात, तुम्ही लोकलच्या तिकीट खिडक्यांच्या हॉलमध्ये जा आणि वर बघा, छतावर सोनेरी तारे आहेत. खांबांच्या डोक्यावरची पानं, पक्षी, प्राणी बघा, त्या सजावटीत आपल्या जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. मग रस्ता ओलांडून समोर उभ्या राहा आणि गेटच्या दोन खांबांवर बघा, एकावर सिंह आहे, एकावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे ते मी सांगत नाही, बघून या आणि मला कळवा.